बर्फाशिवाय

बावीस वर्षं मी हर्णै बंदरावर सुरमई भरली.
एक थर बर्फ, एक थर मासे, पुन्हा बर्फ,
वर गोणपाट, सुतळीची गाठ.
टेम्पो सुटला की माझं काम संपलं.
मेलेलं ताजं दिसावं, एवढीच विद्या.

आता परसात सिमेंटच्या सात टाक्या,
आणि पाण्याखाली पानं.
वारा नाही तरी हलतात,
गप्पी शेपट्या मारतात म्हणून.

शुक्रवारी कुणी पैसे पाठवले
तरी सोमवारपर्यंत मी हात लावत नाही.
रविवार या झाडांचा वैरी.
कुठल्याशा गोदामात पंखा बंद,
शिक्के मारणारे हात घरी जेवायला गेलेले,
आणि पोत्याच्या तळाशी माझं रोप
अंधारात.
नको.

सोमवारी, लिलावाचा गलका सुरू व्हायच्या आधी
कोपरापर्यंत हात टाकीत घालतो.
मुळं ओढायची नसतात,
खालून बोटं सारून विचारायचं, येतेस का?
पिवळं पान खुडायचं. वाटेत तेच आधी सडतं
आणि शेजारणीला सडवतं.
गोगलगाईची अंडी पानामागे असतात,
चष्मा लावून बघतो.
परक्याच्या घरी आपली घाण पाठवू नये.

मग मुळांभोवती ओला कागद.
ओला म्हणजे ठिबकणारा नव्हे,
तापातल्या पोराच्या कपाळावर पिळून पट्टी ठेवतात
तेवढा.
पिशवीत पाणी फार झालं की झाड कुजतं,
पाण्यातलंच झाड!
बंदरावर हे कुणी सांगितलं असतं
तर मी हसलो असतो.
पहिली चार पार्सलं तशीच घालवली.

खोका मात्र तोच जुना, थर्माकोलचा,
तीनदा धुतलेला, उन्हात ठेवलेला.
सोलापूरच्या एका बाईंनी कळवलं,
झाडं छान पोचली, पण बांगड्याचा वास येतो.
येणारच, मी लिहिलं.
त्यांनी पुन्हा मागवली.

पोस्टात कालेकरबाई खोका कानाशी धरतात.
"काय चोगले, बोलतं का आत कोण?"
पत्त्यावर मी चिकटपट्टी ओढलेली असते,
शाई ओलीला घाबरते.
बाजूला लाल अक्षरांत 'जिवंत',
आणि वरची बाजू दाखवणारा बाण.
बाण कोण वाचतं?
तरी काढतो.

मे महिन्यात एक खोका परत आला.
वर्ध्याहून. 'घर बंद', वर तीन शिक्के.
सतरा दिवस, आणि तिकडचं ऊन.
मी तो ओट्यावर तसाच ठेवला.
बर्फ वितळलेल्या पेट्या शेकडो उघडल्यात,
आत काय आहे ते नाकाला आधी कळतं.
याचं झाकण काही उघडवेना.

दुपारी हेमलताने भाजीच्या सुरीने पट्टी कापली.
पानांचं पाणी झालेलं,
हिरवट, तपकिरी, कागदाला चिकटलेलं.
"टाक," मी म्हटलं, आणि पाठ फिरवली.
"थांबा की. मुळं घट्ट हायत."

खोका आतापर्यंत कितीदा उलटा झाला असेल,
कुठल्या पोत्यात, कुणाच्या पायाशी.
आणि मुळांच्या बेचक्यात
तांदळाच्या कणीएवढा पांढरा कोंब,
माझा बाण न वाचता
बाणाच्याच बाजूला वळलेला.

हेमलताने तो सातव्या टाकीत लावला.
मी ओटा धुतला, दोनदा.

जूनमध्ये वर्ध्याचा फोन.
मुलीच्या बाळंतपणाला गेलो होतो, तो माणूस म्हणाला,
घाईत कळवायचं राहिलं,
झाड तर मेलंच असेल?

टाकीत तेव्हा चार पानं होती,
बोटाच्या पेराएवढी.
आहे, मी म्हटलं.
काय झालं मुलीला?
मुलगी, तो म्हणाला.
बरं.
आज गुरुवार आहे,
सोमवारपर्यंत थांबा.